चौथा मजला उतरवताना

लोक एखाद्याचं खरं नाव विसरून त्याला टोपणनावानं हाक मारायला लागले, की समजावं, या माणसानं एक तर मोठं काम केलंय किंवा मोठा ताप दिलाय. ओळंबा मिस्त्रींनी दोन्ही केलं होतं. भिंत सरळ आहे का ते पाहायचं गवंड्याचं साधन, दोरीला लोंबणारं ते वजन, मिस्त्रींच्या खिशात चोवीस तास असायचं. हाताखालच्या माणसाची भिंत दोरीपासून जरा जरी हटली, तरी ते ती पाडायला लावायचे. वर म्हणायचे, "भिंतीला तुझ्यासारखं होऊ देऊ नकोस. तू वाकडा आहेस ते तुझ्या घरचे चालवून घेतात, ही पडली तर कोण चालवून घेणार?" माणसं चिडायची, शिव्या द्यायची, आणि पुढच्या कामाला पुन्हा त्यांच्याकडेच यायची.

शहर अर्धं टेकडीवर आणि अर्धं सपाटीवर होतं. टेकडीवर पाया खणायचा म्हणजे पहारीची टोकं बोथट व्हायची, इतका खडक. सपाटीवरची वस्ती जुनी, दाटीची. तिथल्या एका लांबलचक रस्त्याला सगळे खालची गल्ली म्हणायचे. मिस्त्रींनी दोन्हीकडे घरं बांधली, आणि सगळी चार मजली, एकाच मापाची, एकाच तोंडवळ्याची. "मिस्त्रींना एकच घर येतं," लोक चेष्टेनं म्हणायचे. त्यावर मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं: "हो, पण येतं."

आणि मग एका दुपारी भूकंप झाला.

फार मोठा नव्हता. खालच्या गल्लीतला शिंपी, मिस्त्रींनीच बांधलेल्या एका इमारतीत तळाला ज्याचं दुकान, त्याला आधी वाटलं मशीन आपोआप चालायला लागलं. मग इस्त्री टेबलावरून सरकली, आरसा भिंतीवर डावीकडून उजवीकडे झोके घ्यायला लागला आणि माणसं आरडाओरडा करत रस्त्यावर आली. जीव कुणाचा गेला नाही. पण शिंप्याच्या नातीच्या हातावर छताचं प्लास्टर पडलं आणि कोपराजवळ हाड मोडलं. धूळ खाली बसल्यावर गल्लीनं मान वर करून पाहिलं, तर मिस्त्रींच्या एकूणएक चार मजली घरांना तडे गेले होते. खालच्या मजल्यांवर दोन खिडक्यांच्या मधे आडवेतिडवे, फुलीसारखे.

नुसते तडे असते तर लोकांनी नशिबाला बोल लावला असता. पण शेजारीच पत्र्याच्या छपराची, पोपडे उडालेली बैठी घरं होती, ज्यांच्याकडे पाहून मिस्त्री नेहमी म्हणायचे की ही घरं केवळ आळसानं उभी आहेत. त्यांना काहीही झालं नव्हतं. आणि टेकडीवर, जिथे पैसेवाले राहायचे, तिथली मिस्त्रींची चार मजली घरं जशीच्या तशी होती. तिथेच मिस्त्रींचं स्वतःचं घर होतं. त्यात स्वयंपाकघरातल्या फळीवरून एक वाटी खाली पडली. तीही फुटली नाही.

शिंप्याचं डोकं कात्रीसारखं चालायचं. त्यानं संध्याकाळपर्यंत हिशेब मांडला. माणूस एक, माप एक, घर एक. वरची उभी, खालची तडकलेली. मग फरक कशात? मालात. "साहेबलोकांना चोख सिमेंट आणि आपल्याला वाळूचे लाडू," तो दुकानाच्या पायरीवर उभा राहून म्हणाला. नातीचा प्लास्टरमधला हात लोकांना दिसत होता, त्यामुळे त्याच्याशी कुणी वाद घातला नाही. ज्यांनी मिस्त्रींना आयुष्यभर वाकून नमस्कार केला, त्यांनीही घातला नाही. आता यात शिंप्याचं काय चुकलं? मीही त्याच्या पायरीवर उभा असतो तर हेच म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री घमेलं आणि थापी घेऊन तडे बुजवायला गेले, तर एकामागून एक दारं बंद झाली. फक्त आक्कांनी दार उघडलं. आक्का म्हणजे मिस्त्रींची थोरली बहीण, एकटी, शिंप्याच्या दुकानाच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणारी, आणि साठी उलटलेल्या भावाला अजूनही शेंबडा समजणारी.

"माल खाल्लास का रे?" आक्कांनी आत घ्यायच्या आधीच विचारलं.

"आक्का!"

"विचारते. हो की नाही?"

"नाही."

"मग मान वर करून चाल. चोरासारखा भिंतीच्या कडेकडेनं काय येतोस?"

पण मिस्त्रींची मान वर होईना. ते घरी आले आणि येरझाऱ्या घालायला लागले. ही त्यांची जुनी खोड. मनाला लागलं की हा माणूस बसत नसे. या खोलीतून त्या खोलीत, ठराविक चालीनं, टाच आपटत चालत राही. बायको म्हणायची, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण घरातली फरशी माझ्या जिवाहून जास्त झिजली. आता तिनं ती थट्टाही सोडली. मिस्त्री जेवणावरून उठायचे, चालायचे, परत ताटावर बसायचे आणि अन्न तसंच ठेवायचे. उभ्या आयुष्यात त्यांनी एकच गोष्ट कमावली होती, आणि ती म्हणजे नाव. ते एका दुपारी गेलं होतं.

घरात एक माणूस होतं, ज्याला यातलं काही कळत असेल असं मिस्त्रींना स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यांची सून. मुलगा पुलाच्या कामावर परगावी. सून इथेच विद्यापीठात नोकरीला. जमिनीखाली काय आहे आणि भूकंपात ते कसं हलतं, हा तिचा विषय. लग्न होऊन ती आली तेव्हापासून मिस्त्री चारचौघांत सांगायचे, "आमची सूनबाई जमिनीची नाडी बघते. जमिनीनं अजून फी दिलेली नाही." ती हसायची. नक्की काय करतेस, असं त्यांनी तिला कधी विचारलं नव्हतं.

चौथ्या की पाचव्या दिवशी तीच त्यांच्या येरझाऱ्यांच्या वाटेत उभी राहिली.

"बाबा, मला तुमची घरं तपासू द्या."

"तपास. माल एक नंबर आहे."

"माल नगरपालिकेचे इंजिनिअर तपासतील. कॉलममधून तुकडे कापून घेतील आणि यंत्रात दाबून बघतील. मी त्यांच्याशी बोललेय. मला जमीन तपासायचीय." मग ती म्हणाली, "आणि एक आत्ताच सांगते. मालात खोट निघाली, तर तेही मी गल्लीत जाऊन सांगणार."

मिस्त्रींना राग आला. आपल्याच घरात, आपल्याच सुनेनं! दुसऱ्या क्षणी त्यांच्या लक्षात आलं की हाताखालच्या माणसांशी ते स्वतः असंच बोलतात. भिंत वाकडी तर वाकडी, मग ती पाव्हण्याची का असेना. ते बाजूला झाले आणि तिला वाट दिली.

सुनेचं यंत्र पाहून मिस्त्रींची निराशा झाली. त्यांना वाटलं होतं काहीतरी धूर सोडणारं, गडगडणारं असेल. हा होता जेवणाच्या डब्याएवढा ठोकळा, तीन बुटक्या पायांवर उभा. तो जमिनीवर ठेवायचा, पातळीत आणायचा आणि मग काहीही करायचं नाही.

"काहीच नाही?"

"ऐकायचं. जमीन कायम थरथरत असते, बाबा. वारा, गाड्या, लांबचा समुद्र, सगळ्यानं. आपल्याला कळत नाही, याला कळतं. ज्या चालीनं ती थरथरते, त्यावरून खाली काय आहे ते समजतं. फक्त आजूबाजूला शांतता हवी."

खालच्या गल्लीत शांतता! पण सून रविवारी सकाळी थेट शिंप्याकडे गेली. "तुमचं म्हणणं खरं असेल तर तेही यातून कळेल," ती म्हणाली. "खरं काय ते तुम्हालाही हवंय ना?" शिंप्यानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मशीन बंद केलं आणि मग गल्लीभर फिरून एकेकाला दटावत आला. पाण्याचे पंप थांबले. सायकली हातानं ढकलत नेल्या गेल्या. एका घरातलं तान्हं मूल रडायला लागलं, तर त्याची आई त्याला घेऊन मागच्या रस्त्याला निघून गेली. मिस्त्रींना हे सगळं पाहून भरून आलं. ज्यांनी दारं लावली होती, तीच माणसं खरं ऐकायला मिळावं म्हणून श्वास रोखून उभी होती. आपणही काही करावं म्हणून ते यंत्राजवळ राखणीला उभे राहिले. मुलं जवळ येऊ नयेत म्हणून इकडून तिकडे, तिकडून इकडे. सून त्या वेळी गल्लीच्या टोकाला, गाड्या थांबवत होती.

तुलना करायला म्हणून संध्याकाळी तिनं यंत्र टेकडीवर, घराच्या मागच्या ओट्यावर लावलं. तिथेही मिस्त्रींनी राखण केली.

नोंदी पाहून सून बुचकळ्यात पडली. पडद्यावरच्या रेघेला गल्लीत सगळीकडे एकाच जागी उंच टोक आलं होतं, आणि अगदी तेच टोक टेकडीवरच्या खडकावरही होतं. "खडक असा बोलतच नाही," ती पुन्हा पुन्हा म्हणाली. यंत्र उघडून पाहिलं, तारा बदलल्या. कपाळाला आठ्या घालून ती स्वयंपाकघरात बसली असताना मिस्त्री काळजीनं बाहेरच्या खोलीत फेऱ्या मारत होते. टेबलावर तिच्या चहाच्या कपात बारीक लाटा उठत होत्या. तिनं कपाकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. मग बोटानं टेबलावर ताल धरला, धप, धप, धप, धप, आणि एकदम तोंडावर हात दाबून हसत सुटली.

"काय झालं?" मिस्त्री दारात आले.

"बाबा, मी दिवसभर तुमचीच नाडी बघत होते!"

सासूबाईंना समजायला थोडा वेळ लागला, पण समजल्यावर त्या इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकून बसावं लागलं. मिस्त्रींचे कान लाल झाले. भूकंपानंतर त्या घरात पहिल्यांदाच हसू आलं होतं, म्हणून त्यांनी ते सोसलं.

पुढच्या रविवारी गल्ली पुन्हा गप्प झाली. या वेळी ओळंबा मिस्त्री आक्कांच्या घरात, स्टुलावर, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसले होते. आक्का समोर बसल्या होत्या, पाय हलला की डोळे वटारायला. सून मधूनच वर आली आणि तिनं दुसरं यंत्र आक्कांच्या ओट्याखाली फरशीवर ठेवलं. इमारत स्वतः कोणत्या चालीनं हलते तेही मोजायचं होतं. नंतर तिनं एका पत्र्याच्या बैठ्या घरातही तसंच केलं. मिस्त्री स्टुलावर बसून, घरात आणि खिडकीतून खाली गल्लीत, तिचे हात बघत होते. प्रत्येक ठिकाणी पाय पातळीत आणताना ती गुडघ्यावर बसायची, बुडबुडा मधोमध येईपर्यंत उठायची नाही. घाई नाही, 'चालतंय' नाही. असं काम करणारा एक माणूस मिळावा म्हणून मिस्त्रींनी जन्मभर वाट पाहिली होती, आणि तो त्यांच्याच घरात रोज सकाळी त्यांना चहा विचारत होता. मिस्त्रींना स्वतःची लाज वाटली, आणि तिचा अभिमान त्याहून जास्त वाटला.

या वेळच्या नोंदी स्पष्ट आल्या. संध्याकाळी सुनेनं त्या आकड्यांत सांगायला सुरुवात केली आणि मिस्त्रींचा चेहरा पाहून थांबली.

"थांबा. तुमच्याकडे बांधायची तार आहे ना? आणि थोडी चिकणमाती?"

सळ्या बांधायची तार मिस्त्रींच्या घरात मिठासारखी. कधी संपत नसे. सुनेनं तारेचे तीन तुकडे कापले, एक बुटका, एक मधला, एक लांब. प्रत्येकाच्या टोकाला मातीचा सारखाच गोळा लावला आणि तिन्ही एका फळीत उभे रोवले.

"हे बैठं घर, हे तुमचं चार मजली, हा एखादा उंच मनोरा. आता फळी हलवा. सावकाश."

मिस्त्रींनी फळी सावकाश हलवली. लांब तार डुलायला लागली, बाकीच्या नुसत्या मान हलवत राहिल्या.

"थोडं जलद. अजून थोडं. हां, ही चाल धरा!"

आणि मधली तार वेडी झाली. गोळा एका बाजूला फळीला टेकेल इतका झुकला, मग दुसऱ्या बाजूला. बुटकी आणि लांब तार जवळजवळ स्थिर होत्या. मिस्त्रींनी हात थांबवला, पुन्हा हलवून पाहिलं, पुन्हा तेच. झोक्यावरच्या पोराला बरोबर वेळ साधून ढकललं की दोन बोटांच्या जोरानं झोका आभाळाला लागतो, तसंच ते होतं.

"खालच्या गल्लीखाली तळं होतं, बाबा. शहर वसायच्या कितीतरी आधी. ते गाळानं भरत भरत बुजलं. वर घट्ट मुरूम आहे, म्हणून तुम्हाला पाया खणताना जमीन चांगली लागली. पण त्याच्या खाली आठ-नऊ पुरुष खोल मऊ गाळ आहे, आणि त्याच्याखाली खडक. खडकातून आलेला हादरा त्या गाळात शिरला की वाढतो, आणि गाळ आपल्या स्वतःच्या चालीनं हेलकावे खातो. टेकडीवर नुसता खडक, तिथे हादरा आला आणि गेला."

"आणि गाळाची चाल..."

"तीच तुमच्या चार मजली घराची चाल आहे. आक्कांच्या ओट्याखाली मोजली मी. बैठी घरं फार भराभर हलतात, त्यांचं आणि गाळाचं जमत नाही, म्हणून ती वाचली."

मिस्त्री बराच वेळ तारांकडे बघत बसले. चालले नाहीत. त्यांच्या मनात विचित्र गोष्ट आली. ज्या जमिनीवर मी टाच आपटून 'घट्ट आहे' म्हणायचो, तिच्या खाली एक तळं अजून हेलकावे खातंय आणि या पोरीनं ते डब्यातून ऐकलं. देवळात गेल्यावर वाटतं तसं काहीतरी त्यांना वाटलं, पण ते बोलायला त्यांच्याकडे शब्द नव्हते. म्हणून ते म्हणाले, "सूनबाई, चहा मी करतो."

त्याच आठवड्यात नगरपालिकेच्या इंजिनिअरचा निरोप आला. कापून नेलेले तुकडे यंत्रात दाबले, ते ठरलेल्या ताकदीपेक्षा जास्त भार सोसून फुटले. खालच्या गल्लीतले आणि टेकडीवरचे, दोन्ही सारखेच. माल चोख. मिस्त्रींनी आधी बायकोला हाक मारली, मग आक्कांना फोन केला, मग ठेवणीतला सदरा काढला. आत्ताच्या आत्ता गल्लीत जायचं होतं. शिंप्याच्या पायरीवर उभं राहायचं होतं, त्याच पायरीवर!

"बाबा, आपण दोघं जाऊ. मला उरलेलं अर्धंही सांगायचंय," सून म्हणाली.

"कसलं अर्धं?"

"गाळ कुठे गेला नाही. पुढचा भूकंप याहून मोठा असला, तर तीच घरं तशीच हलतील, आणि त्या वेळी नुसते तडे जाणार नाहीत. तडे बुजवून भागायचं नाही. घराची चाल बदलायला हवी. चौथा मजला उतरवायचा आणि खालच्या मजल्यांत काही ठिकाणी जाड भिंती घालायच्या. मी इंजिनिअरांबरोबर आकडे तपासलेत."

मिस्त्रींचा एक हात सदऱ्याच्या बाहीत होता, दुसरा बाहेर. "अगं, आत्ता कुठे मी वर आलोय. परत बुडवतेस होय मला? मी चोर नाही एवढं सांग की. मजला पाडा म्हटलं तर लोक काय म्हणतील? माल चांगला होता मग पाडता कशाला? सगळं मुसळ केरात!"

"खरंय. म्हणतील."

"मग?"

"बाबा, तुमचं नाव वाचलं," सून हळू आवाजात म्हणाली. "माणसं अजून वाचलेली नाहीत."

मिस्त्री तिच्यावर ओरडले. काय ओरडले ते इथे सांगण्यात अर्थ नाही. तापलेल्या माणसाचे शब्द मोजू नयेत. सून जागची हलली नाही, डोळ्यांत पाणीही आणलं नाही. ओरडून झाल्यावर मिस्त्रींनी दुसरा हात बाहीत घातला, गुंड्या लावल्या. शेवटची गुंडी लावताना ते म्हणाले, "मी सांगेन. तू तारा दाखव. पण पाडायचं मी सांगेन. माझ्या हातचं घर आहे ते."

गल्ली शिंप्याच्या दुकानासमोर जमली. इंजिनिअरनी मालाचा निकाल वाचून दाखवला आणि शिंप्याची मान खाली गेली. मग शिंपी पायरीवरून खाली उतरला. तो हट्टी होता, पण कोता नव्हता. "मिस्त्री, चुकलं माझं," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "तुमच्याबद्दल नको ते बोललो."

मिस्त्रींना आयुष्यात जे हवं होतं ते सगळं त्या वाक्यात मिळालं होतं. तिथून घरी गेले असते तर लोकांनी खांद्यावर बसवून पोचवलं असतं. पण सुनेनं फळी पुढे केली. शिंप्याच्या नातीनं आपल्या धडधाकट हातानं ती हलवली, मधली तार वेडीवाकडी डुलली, आणि मिस्त्रींनी घसा खाकरला.

"हे तुमचं घर. मी बांधलेलं. चांगलं बांधलंय, पण चुकीच्या उंचीचं बांधलंय. मला माहीत नव्हतं, कुणालाच नव्हतं. आता माहीत झालंय. चौथा मजला उतरवायचा. मी बांधला, मीच उतरवतो. वरच्या मजल्यावरच्यांनी दुसरी सोय होईपर्यंत माझ्या घरी राहायचं. तिथे खाली खडक आहे."

कालवा झाला. कुणी म्हणालं, एक भूकंप झाला, आता शंभर वर्षं होत नाही. कुणी म्हणालं, या वयात मिस्त्रींना काम हवंय. शिंप्यानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"मिस्त्री, तुमचं नाव साफ झालं होतं. गप्प बसला असतात तरी चाललं असतं. मग बोललात कशाला?"

"सूनबाई गप्प बसू देईना," मिस्त्री म्हणाले. खरं तेच होतं.

लोक हसले, पण तयार कुणी होईना. आपला मजला स्वतःहून कोण काढून देतो? तेवढ्यात वरून, चौथ्या मजल्याच्या खिडकीतून आवाज आला. आक्कांचे गुडघे दुखत असल्यामुळे त्या सभेला खाली उतरल्या नव्हत्या. वरूनच सगळं ऐकत होत्या. "माझ्यापासून सुरू कर रे! मात्र तुझ्याकडे राहायला येते, तर मला लांबची खोली दे. तुझ्या घोरण्यापेक्षा भूकंप परवडला."

आक्कांच्या इमारतीपासून काम सुरू झालं. इंजिनिअरच्या माणसांनी यंत्रानं वरचा स्लॅब आधीच उतरवला होता. भिंती मात्र हातानं उतरवायच्या, विटा अखंड काढायच्या म्हणजे खालच्या नव्या भिंतींना वापरता येतील, असा मिस्त्रींचा बेत. सकाळी ते परांचीवर चढले. खाली गल्ली गोळा झाली होती. काही मदतीला, काही मिस्त्री खरंच पाडतात का ते बघायला. शिंपी मदतीला वरपर्यंत आला होता. सून विटा रचायला कडेला उभी होती.

मिस्त्रींनी दोन विटांच्या सांध्यावर छिन्नी ठेवली आणि हातोडी मारली. छिन्नी उसळली. पुन्हा मारली. पुन्हा. सांधा काही सुटेना. त्यांनी छिन्नीचा कोन बदलला, दात आवळून जोर लावला, आणि वीट मधोमध फुटली. सांधा तसाच. अर्धी वीट शेजारणीला चिकटून बसली होती. दुसऱ्या विटेचंही तेच झालं. तिसरीचंही.

"हां, द्या इकडे," शिंपी म्हणाला. तो तगडा होता. त्यानं हातोडी घेतली, घाम निघेपर्यंत घाव घातले, आणि त्याच्याही हातात फुटकी वीटच आली, कडेला बोटभर जाड सिमेंटचा थर घेऊन. त्यानं अंगठ्यानं तो थर खरवडून पाहिला. नखाला कणही लागला नाही. इंजिनिअरनी निकाल वाचला तेव्हा त्याची मान खाली गेली होती ती शरमेनं. आता तो ज्या नजरेनं मिस्त्रींकडे बघत राहिला, ती वेगळी होती.

"अरे, वर या!" त्यानं खाली पाहून हाक दिली. "वर या आणि बघा, काय बांधलंय ते!"

माणसं एकेक करून जिन्यानं वर आली. ज्यानं त्यानं हातोडी घेऊन पाहिली. उन्हं डोक्यावर आली, तरी त्या भिंतीतून एक अख्खी वीट निघाली नव्हती. मिस्त्री मात्र वैतागले होते. "बघत काय उभे राहता? दिवस चाललाय! अशानं हा मजला पावसाळ्यापर्यंत उतरायचा नाही."

"बाबा," सून म्हणाली. तिचे केस धुळीनं पांढरे झाले होते आणि ती हसत होती. "जरा कच्चं बांधलं असतंत, तर आज वेळेवर जेवायला गेलो असतो."

सगळा मजला हसला. मिस्त्रीही हसायला गेले. लोकांनी दारं लावली तेव्हा ते रडले नव्हते, माल चोख निघाला तेव्हाही नव्हते. आता आपल्याच भिंतीशेजारी, सगळ्या गल्लीसमोर, ते हातोडी खाली ठेवून हमसून हमसून रडले, आणि कुणी पाहू नये म्हणून त्यांनी तोंडही फिरवलं नाही.